पाचगणीच्या शाळेतील पियानो

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यात, १८, १९ आणि २१ या तीन तारखांना, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर कोल्डप्ले या इंग्रज वाद्यवृंदाचे जलसे झाले, त्या दिवसांतील एका दुपारी सीबीडी बेलापूरच्या स्थानकात तरुण मुलामुलींची जी दाटी झाली होती ती मी फलाटावरील बाकावर बसून बराच वेळ पाहत होतो. बेलापूरहून नेरूळ म्हणजे मध्ये सीवूड्स एवढे एकच स्थानक. परंतु त्या मुलांच्या चेहऱ्यांवर लांबच्या यात्रेला निघाल्याची उत्सुकता होती. माझ्या शेजारी टेकलेल्या एका मुलाशी बोलणे निघाले, तेव्हा तो सहज म्हणाला, "आजोबा, हे सगळं तिकडचं. आपल्या मातीत याचं मूळ कुठलं?" मी उत्तर देण्याच्या आतच गाडी आली आणि तो गर्दीत दिसेनासा झाला. त्याला जे सांगावयाचे राहून गेले तेच या लेखात सांगत आहे. कारण इंग्लंडातील क्वीन या अत्यंत कीर्तिमान वाद्यवृंदाच्या आरंभकाळाचा पहिला अध्याय आपल्याच महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातील एका डोंगरमाथ्यावर घडला, आणि तो आपण आपल्या इतिहासात कधी जमेसच धरला नाही.

पुण्याहून सातारा रस्त्याने शिरवळ मागे टाकून, खंबाटकीचा घाट उतरून, सुरूर फाट्यावर उजवीकडे वळले म्हणजे वाई लागते, आणि वाईच्या पुढे पसरणीचा घाट चढू लागले की कृष्णेचे खोरे पायाखाली हळूहळू उलगडत जाऊन शेवटी पाचगणीची थंड हवा अंगाला लागते. हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वसविले. परदेशी झाडे लावली, बंगल्यांना जागा नेमून दिल्या, आणि अखेर येथील सेंट पीटर्स चर्चच्या आवारातच त्याचा देह विसावला. निवृत्त गोऱ्या अंमलदारांच्या विश्रांतीसाठी योजलेले हे ठिकाण पुढे निवासी शाळांचे गाव झाले. इंग्रज गेले, परंतु शाळा राहिल्या. प्रार्थनेची घंटा, गटवार विभागलेले खेळांचे चषक, मुष्टियुद्धाचे आखाडे आणि दिवाणखान्यातील पियानो हा सारा सरंजामही मागे राहिला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, पूर्व आफ्रिकेपासून नेपाळपर्यंतच्या सधन अथवा महत्त्वाकांक्षी कुटुंबांची मुले येथे शिकावयास येत.

त्यांपैकीच एक फारुख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. वडील बोमी बुलसारा हे तेथील उच्च न्यायालयात ब्रिटिश सरकारच्या नोकरीत खजिनदार होते. घराणे पारशी, आणि मूळ गाव गुजरातेतील बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, हे आडनावावरूनच कळते. १९५५ च्या सुमारास, वयाची आठ वर्षे पुरी झालेल्या या मुलाला बोटीने हिंदी महासागर ओलांडून मुंबईस आणण्यात आले, तेथून आगगाडीने पुण्यास, आणि पुण्याहून मोटारीने घाट चढून सेंट पीटर्स शाळेत दाखल करण्यात आले. आईबाप परत झांझिबारला गेले. आठ वर्षांच्या मुलाने इतक्या दूर एकट्याने राहणे म्हणजे काय, हे ज्यांनी आपली लेकरे वसतिगृहात ठेवली असतील त्यांना मी सांगावयास नको. लहान सुट्ट्यांत तो मुंबईतील नातलगांकडे जाई. एरवी शाळा हेच घर. सोबत्यांनी त्याचे नाव फ्रेडी केले, आणि ते इतके रुळले की पुढे घरची माणसेही त्याच नावाने हाक मारू लागली. पुढे आलेल्या दातांवरून मुले त्याला चिडवीत; तो लाजाळू होता, आणि त्याने स्वतः या वर्षांविषयी पुढील आयुष्यात जाहीरपणे फार थोडे सांगितले.

परंतु शाळेच्या मुख्याध्यापकांनी, ऑस्वाल्ड बेसन यांनी, एक गोष्ट हेरली. या मुलाला कानावर पडलेले सूर जसेच्या तसे पियानोवर उतरविता येतात, असे त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी झांझिबारला पत्र लिहिले, आणि थोडी जादा फी भरून त्याला रीतसर पियानो शिकवावा अशी शिफारस केली. खजिनदाराच्या पगारात ती फी बसवून बोमी बुलसारांनी होकार कळविला. एका शिक्षकाचे एक पत्र आणि एका बापाची एक संमती! या दोन कागदांवर पुढे काय काय उभे राहिले याचा विचार केला म्हणजे शाळामास्तरांच्या टपालाविषयी मनात आदर उत्पन्न होतो. फ्रेडी पियानोच्या परीक्षांत चौथ्या श्रेणीपर्यंत गेला, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही अंगांनी. शाळेच्या गायकवृंदात गाऊ लागला, नाटकांत कामे करू लागला. टेबल टेनिसमध्ये तो दहाव्या वर्षीच शाळेचा विजेता होता, आणि १९५८ मध्ये कनिष्ठ गटातील अष्टपैलू विद्यार्थ्याचा चषक त्याला मिळाला.

त्या काळी पाचगणीच्या मुलांच्या कानांवर काय पडत होते, याची चौकशी करणे येथे अवश्य आहे. १९५२ पासून केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली होती. शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत पोहोचावे हा त्यांचा हेतू प्रामाणिक होता, परंतु परिणाम असा झाला की सारा देश सिलोन रेडिओकडे वळला. त्याच सिलोनवरून हिंदी गीतांबरोबर विलायती आणि अमेरिकन गाणीही ऐकू येत. म्हणजे दिल्लीतील एका मराठी मंत्र्याच्या हुकुमाने ज्या दाराला कुलूप लागले, त्याच्या शेजारची खिडकी आपोआप उघडली, आणि तिच्यातून एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड यांचे स्वर सह्याद्रीच्या माथ्यावर येऊन पोहोचले. त्याच वर्षांत लता मंगेशकरांचा आवाजही या मुलाच्या मनावर ठसला होता, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. लताबाईंचा तारसप्तकातील निष्कंप, धारदार स्वर ज्याने कोवळ्या वयात ऐकला, त्याला पुढे आपल्या गळ्याची मर्यादा वरच्या बाजूला शोधावीशी वाटली असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. परंतु एका मराठी श्रोत्याला ते केल्यावाचून राहवत नाही.

१९५८ मध्ये पाच मुलांनी एक वाद्यवृंद जमविला आणि त्याला हेक्टिक्स असे नाव दिले. गाणारा आणि गिटार वाजविणारा ब्रूस मरे. दुसरा गिटारवाला डेरिक ब्रांच. ड्रमवर नेपाळच्या राणा घराण्यातील व्हिक्टरी राणा. खर्जाच्या तंतूवर फरांग इराणी. आणि पियानोवर फ्रेडी बुलसारा. यांतील खर्जाचे वाद्य कसे होते ते जवळून पाहण्याजोगे आहे. चहाच्या मळ्यांतून चहा ज्या मोठ्या लाकडी खोक्यांत भरून येतो, तसले एक रिकामे खोके उपडे घालावयाचे, त्याच्या मधोमध भोक पाडून दोरी ओवावयाची, दोरीचे दुसरे टोक एका उंच काठीला बांधावयाचे, आणि काठी पुढेमागे वाकवून दोरी कमीअधिक ताणीत बोटाने छेडावयाची: खोक्याच्या पोकळीतून घुमारा निघतो आणि काठीच्या कलानुसार स्वर चढतो अथवा उतरतो. आपल्या गोंधळ्यांचे तुणतुणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या रचनेत परके असे काही वाटणार नाही. पोकळी, काठी आणि तंतू ही त्रयी तीच. इंग्लंडातील शाळकरी पोरेही त्या वर्षांत हाच उपाय योजीत होती, कारण वाद्ये महाग होती आणि हौस अनावर होती. पाचगणीचे हे पाचजण त्या बाबतीत लंडन-लिव्हरपूलच्या आपल्या समवयस्कांहून एक दिवसही मागे नव्हते.

दुसरी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की या वृंदाचा प्रमुख गायक फ्रेडी नव्हता. पुढे ज्याच्या आवाजाने लक्षावधी श्रोते भारावले, तो मुलगा येथे कडेला पियानोपाशी बसलेला असे. परंतु रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे स्मरणातून पियानोवर उतरवून देण्याचे काम त्याचेच. त्याच्याकडे चाल नसेल तर बाकी चौघांच्या हाती काहीच नसे. शाळेच्या समारंभांत हेक्टिक्स वाजवीत, आणि शेजारच्या किमिन्स शाळेतील मुली श्रोत्यांत असत. तेथे जे आरडाओरडे झाले असतील ते या पाच पोरांना आयुष्यभर पुरले असतील.

आणि नेमक्या याच वर्षांत, घाटाच्या पायथ्याशी वाईला, प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी आरंभिलेल्या परंपरेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धर्मकोशाचे काम चालवीत होते. घाटाच्या माथ्यावर चहाच्या खोक्याचा घुमारा आणि पायथ्याशी श्रुतिस्मृतींच्या पोथ्यांची पाने. मध्ये पसरणीची काही वळणे. या दोन जगांची एकमेकांशी गाठ पडली नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा फ्रेडी तेरा वर्षांचा होता आणि पाचगणीतच होता. मुंबई राज्यात शाळेत आलेला हा मुलगा महाराष्ट्र राज्याचा रहिवासी म्हणून शाळेतून बाहेर पडला. ही नोंद केवळ कागदोपत्री असली तरी मला ती प्रिय वाटते.

१९६३ च्या आरंभी तो झांझिबारला परतला. पुढल्याच वर्षी, १२ जानेवारी १९६४ रोजी, तेथे रक्तरंजित क्रांती होऊन सुलतानाची सत्ता उलथली. बुलसारा कुटुंब जीव घेऊन इंग्लंडला निघून गेले आणि लंडनच्या पश्चिमेस फेल्टम या उपनगरात स्थिरावले. फ्रेडीने ईलिंगच्या कलामहाविद्यालयात आरेखनाचे शिक्षण घेऊन १९६९ मध्ये पदविका मिळविली. त्याच काळात केन्सिंग्टन मार्केटात त्याने आणि रॉजर टेलर या ड्रमवादक मित्राने जुन्या कपड्यांचा गाळा लावला होता. हीथ्रो विमानतळावर त्याने सामानाचे ओझेही उचलले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये तो लिव्हरपूलच्या आयबेक्स या वृंदात गायक म्हणून शिरला, आणि २३ ऑगस्टला बोल्टन गावी त्यांच्याबरोबर रंगमंचावर उभा राहिला. पाचगणीत पियानोमागे बसणारा मुलगा आता पुढे आला होता. या वृंदाचे नाव पुढे रेकेज असे पालटले. एका कार्यक्रमात त्याच्या हातातील ध्वनिक्षेपकाची दांडी मधोमध निखळली, आणि तळाची जड बैठक टाकून देऊन त्याने उरलेली अर्धी दांडीच हातात धरून गाणे पुढे चालविले, असे सांगतात. ती अर्धी दांडी त्याने मग जन्मभर सोडली नाही.

एप्रिल १९७० मध्ये फ्रेडी, रॉजर टेलर आणि गिटारवादक ब्रायन मे हे तिघे एकत्र आले. मे आणि टेलर यांचा स्माइल हा वृंद त्यांचा गायक टिम स्टाफेल सोडून गेल्यामुळे मोडकळीस आला होता; स्टाफेल हा फ्रेडीचा ईलिंगमधील सोबती. ज्या बेलापुरात बसून मी हे लिहितो, त्या नगराची योजना करणारी सिडको याच सुमारास, १७ मार्च १९७० रोजी, स्थापन झाली. भाताची खाचरे आणि खाडीकाठची मिठागरे यांवर रेषा आखल्या जात होत्या, आणि तिकडे लंडनमध्ये फ्रेडीने आपल्या वृंदासाठी क्वीन हे नाव आणि स्वतःसाठी मर्क्युरी हे आडनाव निश्चित केले. आरेखनाची पदविका त्याने वाया जाऊ दिली नाही. वृंदाची मुद्रा त्याने स्वतः रेखाटली: मधोमध इंग्रजी क्यू अक्षर आणि त्यात मुकुट, दोन बाजूंना दोन सिंह, कारण टेलर आणि पुढे आलेला जॉन डीकन हे दोघे सिंह राशीचे, वर खेकडा, कारण मे कर्क राशीचा, दोन पऱ्या, कारण तो स्वतः कन्या राशीचा, आणि या सर्वांवर पंख पसरलेला अग्निपक्षी. एखाद्या संस्थानाच्या राजमुद्रेला शोभावे असे ते चित्र, खिशात भाड्याचे पैसे नसलेल्या मुलांनी आपल्यासाठी काढून घेतले होते.

मे हा इंपीरियल कॉलेजचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी जुन्या शेगडीच्या लाकडी चौकटीतून घरीच घडविली होती, आणि ती तो सहा पेनीच्या नाण्याने छेडीत असे. खर्जवादक मात्र टिकेना. एकामागून एक तिघे आले आणि गेले. १९७१ च्या आरंभी विद्युत्शास्त्र शिकणारा अबोल जॉन डीकन आला, आणि तो राहिला.

त्याच वर्षी वेम्बली येथे डी लेन ली नावाच्या ध्वनिमुद्रण संस्थेची नवी इमारत पुरी झाली होती. एका खोलीतला आवाज दुसरीत झिरपतो की काय याची खातरजमा करण्यासाठी कोणी तरी मोठ्याने वाजविणारे हवे होते. क्वीनने ते काम पत्करले. मोबदला पैशात नव्हता, तर स्वतःची गाणी फुकट मुद्रित करून घेण्याची मुभा हाच मोबदला. अशी पाच गाणी हाती आली. पुढे १९७२ मध्ये ट्रायडेंट या कंपनीशी करारनामा झाला, परंतु त्यातही दिवस त्यांचा नव्हता: पैसे मोजणारे नामांकित गायक निघून गेले म्हणजे रात्री-अपरात्री जी मोकळी वेळ उरे तेवढीच यांच्या वाट्याला. पहिली तबकडी अशा चोरट्या रात्रींतून तयार झाली, वर्षअखेरीस पुरी होऊनही पडून राहिली, आणि १३ जुलै १९७३ रोजी बाजारात आली. तिच्यातील पहिले गाणे खपाच्या यादीत कोठेही चढले नाही.

यशाचा पहिला दरवाजा योगायोगाने उघडला. फेब्रुवारी १९७४ मध्ये बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्स या कार्यक्रमात डेव्हिड बोवीचे चित्रण वेळेवर हाती आले नाही, म्हणून रिकाम्या जागी क्वीनला बोलावण्यात आले. २१ तारखेला ते प्रक्षेपित झाले, आणि सेव्हन सीज ऑफ राय हे त्यांचे गाणे दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या दौऱ्यात ब्रायन मे काविळीने अंथरुणाला खिळला आणि दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. नाव गाजत होते तरी हिशेबात पैसा दिसत नव्हता. डीकनने घरासाठी उचल मागितली तर तीही नाकारण्यात आली. १९७५ मध्ये त्यांनी तो जुना करार मोडून सोडवणूक करून घेतली, आणि ३१ ऑक्टोबरला बोहेमियन ऱ्हॅप्सडी हे गाणे बाहेर पडले. सहा मिनिटांच्या आसपास लांबीचे गाणे रेडिओवर कोणी वाजविणार नाही, असे जाणकार सांगत होते. ते नऊ आठवडे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर राहिले.

त्या गाण्याचा आरंभ होतो तो अनेक कंठांच्या एकत्र गायनाने, आणि मग येतो पियानो. शाळेच्या गायकवृंदात उभा राहिलेला, मुख्याध्यापकाच्या पत्रामुळे पियानोपाशी बसविलेला, परक्या देशात एकट्याने वाढलेला मुलगा मला त्यात स्पष्ट ऐकू येतो. क्वीनचा इतिहास लिहिणारे बहुधा १९७० पासून आरंभ करतात आणि पाचगणीची सात-आठ वर्षे चार पानांत उरकतात. मला हा क्रम चुकीचा वाटतो. चौघा सोबत्यांशी सूर जुळविण्याचे, कानाने गाणे उचलण्याचे आणि दाटीसमोर वाजविण्याचे काम फ्रेडीने बाराव्या वर्षी पसरणी घाटाच्या माथ्यावर केलेले होते. आणि त्याच्या सोबत्यांचे काय झाले हेही सांगावयास हवे: व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मेजर जनरल होऊन सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख झाले; डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाले; फरांग इराणी यांनी पुण्यात उपाहारगृह चालविले, आणि जुन्या पाचगणीची चौकशी करीत येणाऱ्यांना ते आठवणी सांगत असत. फ्रेडी मर्क्युरीचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये निधन झाले, आणि त्याचा अंत्यविधी पारशी पुरोहितांनी केला.

१८९८ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाईत सापडलेल्या कागदांवरून. माळ्यावरील पेटारे उघडल्यावाचून इतिहास हाती येत नाही, ही त्यांची शिकवण त्याच वाईच्या डोंगरमाथ्याला लागू करण्याची वेळ आता आली आहे. १९५५ ते १९६३ या वर्षांत पाचगणीच्या शाळांत जे शिकले, ज्यांनी शिकविले, ज्यांनी तेथील स्वयंपाकघरे, दवाखाने आणि मैदाने सांभाळली, ते आज ऐंशीच्या घरात असतील किंवा गेले असतील. पाचगणी, वाई, पुणे आणि मुंबई येथील त्यांच्या घरांतून एखादे छायाचित्र, समारंभाची एखादी छापील पत्रिका, घरी धाडलेले एखादे पत्र निश्चित पडून असेल. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते रद्दीत घालू नये; वडीलधाऱ्यांच्या आठवणी तारीखवार लिहून घ्याव्यात, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या एखाद्या संस्थेच्या दप्तरात नोंदवून ठेवाव्यात.